पोच आली नाही, म्हणजे काय?

आजचा विषय संगणकशास्त्रातला आहे, पण त्याच्या मुळाशी ज्ञानमीमांसेतला एक जुना प्रश्न आहे. एखादी गोष्ट घडली, हे आपल्याला कशावरून कळतं? आणि ती घडली नाही, हे कशावरून?

एक साधं उदाहरण घेऊ. पुस्तकं विकणारं एक संकेतस्थळ आहे. वाचकाने ऑर्डरचं बटण दाबलं, की तिथे दोन कामं होतात. ऑर्डर डेटाबेसमध्ये नोंदवली जाते आणि गोदामाच्या प्रणालीला निरोप जातो, की अमुक पुस्तक पाठवा. निरोप थेट जात नाही, मध्ये टपालखात्यासारखा एक मेसेज ब्रोकर असतो. काफ्का, रॅबिटएमक्यू ही त्यातली परिचित नावं.

आता डेटाबेसची एक मोठी देणगी आहे, ट्रान्झॅक्शन. पाच नोंदी एकत्र करायच्या असतील, तर पाचही होतील किंवा एकही होणार नाही. कमिट झालं तर सगळं पक्कं, रोलबॅक झालं तर सगळं पुसलेलं. या हमीचे चार गुण सांगणारी ‘अ‍ॅसिड’ ही संज्ञा हेर्डर आणि रॉयटर यांनी १९८३ साली रूढ केली. पण ही हमी डेटाबेसच्या उंबरठ्यापर्यंतच चालते. ब्रोकर म्हणजे वेगळं घर. तिथे आपलं कमिट कोणी ओळखत नाही.

मग होतं काय, बघा. आपण आधी कमिट केलं आणि मग निरोप पाठवायचं ठरवलं. या दोन पायऱ्यांच्या मध्ये सर्व्हर बंद पडला. ऑर्डर नोंदली गेली, वाचकाचे पैसेही गेले, पण गोदामाला पत्ता नाही. बरं, क्रम उलटा करू. आधी निरोप, मग कमिट. आता निरोप गेला आणि कमिट फसलं. गोदामाने पुस्तक पाठवलं, पण अशी ऑर्डर कुठेच नाही. पहिल्या प्रकारात घटना आहे, बातमी नाही. दुसऱ्यात बातमी आहे, घटनाच नाही. क्रम बदलून हा प्रश्न सुटत नाही, हे आधी नीट लक्षात घ्यायला हवं.

दोन्ही घरांना एकाच शपथेत बांधणारी ‘टू-फेज कमिट’ नावाची पद्धत आहे. पण सगळ्यांनी ‘तयार’ म्हटल्यावर समन्वयकच कोसळला, तर बाकीचे कुलपं धरून ताटकळत राहतात. शिवाय आजचे बरेच ब्रोकर या पद्धतीत सहभागीच होत नाहीत.

व्यवहारात रुळलेला उपाय अगदी साधा आहे. निरोप लगेच पाठवायचा नाही. तो त्याच डेटाबेसमधल्या ‘आउटबॉक्स’ नावाच्या टेबलात, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, लिहून ठेवायचा. ऑर्डर आणि तिची बातमी आता एकत्रच जगतात किंवा एकत्रच मरतात. मग एक वेगळा प्रोग्राम, त्याला आपण पोस्टमन म्हणू, हे टेबल पाहत राहतो, न गेलेले निरोप ब्रोकरकडे देतो आणि त्यांच्यापुढे ‘पाठवलं’ अशी खूण करतो.

इथे एक बारीक खाच आहे. पोस्टमनने ‘शेवटचा क्रमांक कितीपर्यंत पाहिला’ एवढंच लक्षात ठेवलं तर घोटाळा होतो. समजा, एका ट्रान्झॅक्शनला १०१ क्रमांक मिळाला, दुसऱ्याला १०२. दुसरं आधी कमिट झालं. पोस्टमनने १०२ पाहिला आणि तो पुढे गेला. मागाहून १०१ कमिट झाला, तो कायमचा राहून गेला. क्रमांक मिळण्याचा क्रम आणि कमिट होण्याचा क्रम एकच असतो असं नाही. म्हणून प्रत्येक ओळीवर स्वतंत्र खूण हवी.

आता पोस्टमनकडे वळू. त्याने निरोप दिला आणि खूण करण्याआधीच तो बंद पडला. किंवा निरोप दिला, पण ब्रोकरची पोच परत आली नाही. पुन्हा सुरू झाल्यावर त्याने काय समजायचं?

पूर्वी मनीऑर्डर पाठवली की घेणाऱ्याची सही असलेली पोच परत यायची. पोच आली, म्हणजे पैसे मिळाले. पण पोच आली नाही, म्हणजे पैसे मिळाले नाहीत का? तसं म्हणता येत नाही. कदाचित पैसे पोहोचले आणि पोचच हरवली. भाट्ट मीमांसकांनी ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानलं, म्हणजे वस्तू न दिसण्यावरून तिचा अभाव कळतो. पण त्याला एक अट आहे. ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात टेबलावर घागर दिसली नाही, तर ती तिथे नाही. अंधारात दिसली नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. नेटवर्कवरचा टाइमआउट हा असा अंधार आहे. उत्तर न येणं म्हणजे नकार नव्हे.

जिम ग्रे यांनी १९७८ साली हाच पेच दोन सेनापतींच्या रूपात मांडला. निरोप्या वाटेत पकडला जाऊ शकत असेल, तर कितीही पोचपावत्या फिरवल्या तरी दोघांची पूर्ण खात्री होत नाही, कारण शेवटची पावती पोहोचली का, हा प्रश्न उरतोच.

म्हणजे शंका असताना पर्याय दोनच. पुन्हा पाठवायचं नाही, म्हणजे निरोप हरवू शकतो. किंवा पुन्हा पाठवायचं, म्हणजे तो दोनदा पोहोचू शकतो. ऑर्डर हरवणं परवडणारं नाही, म्हणून आपण दुसरा पर्याय घेतो आणि दुबार निरोप ओळखण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकतो.

तो हे कसं करतो? प्रत्येक निरोपाला जन्मतःच एक अद्वितीय ओळखक्रमांक असतो. गोदाम आपल्या डेटाबेसमध्ये ‘इनबॉक्स’ टेबल ठेवतं. निरोप आला की एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये क्रमांक नोंदवायचा आणि पुस्तकांचा साठा एकने कमी करायचा. क्रमांक आधीच असेल, तर काही न करता पुढे जायचं. आणि ब्रोकरला पोच द्यायची ती कमिट झाल्यावरच, आधी नाही. अशा क्रियेला ‘आयडेम्पोटंट’ म्हणतात. लिफ्टचं बटण पाचदा दाबलं तरी लिफ्ट एकदाच येते, तसं.

श्रोत्यांमधून प्रश्न आला आहे, की मग ‘नेमकं एकदाच’ अशी जाहिरात असते ती खोटी का? खोटी म्हणू नये, अर्धी म्हणू. निरोप अनेकदा येऊ शकतो, परिणाम एकदाच होतो. आणि तोही परिणाम आपल्या डेटाबेसच्या आत असेल तर. एसएमएस पाठवायचा असेल, तर समोरची सेवा आपला ओळखक्रमांक तपासत नसल्यास दुसरा एसएमएस जाऊ शकतो. तिथे नुकसान किरकोळ आहे. पैशांच्या बाबतीत ते तसं नाही.

रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक याच जागेवर बोट ठेवतं. यूपीआयने पैसे पाठवताना आपल्या खात्यातून रक्कम गेली, पण समोरच्याच्या खात्यात जमा झाली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला, तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे संदेश अडकू शकतो हे नियमानेच गृहीत धरलं आहे, आणि संशयाचा काळ किती असावा हे ठरवून दिलं आहे.

म्हणून अशा प्रणालीत तिसरा शब्द लागतो. ‘झालं’ आणि ‘झालं नाही’ यांच्या जोडीला ‘अजून कळलेलं नाही’. पडद्यावर ‘प्रलंबित’ असं दिसलं की आपण वैतागतो, पण ते प्रामाणिक विधान आहे. माहीत नसताना ‘अयशस्वी’ दाखवणारी प्रणाली माणसाला दुसऱ्यांदा पैसे भरायला लावते.

आता एक प्रश्न राहतो. निरोप पोहोचला, पण गोदामात पुस्तकच नसेल तर? झालेलं कमिट मागे घेता येत नाही, भरपाईचं नवं ट्रान्झॅक्शन करावं लागतं. गार्सिया-मोलिना आणि सेलम यांनी १९८७ साली त्याला ‘सागा’ म्हटलं. पुढच्या व्याख्यानात आपण तिथून सुरुवात करू.