कूस बदलायची भीती कशाला?

‘‘अगं, तू जा निजायला. मी बसते अशीच.’’

रात्रीचे दोन वाजले होते. सासूबाई खुर्चीत ताठ बसलेल्या, एक हात पोटावर. ऑपरेशननंतर घरी येऊन पाच रात्री झाल्या होत्या आणि पाचही रात्री त्या धड झोपल्या नव्हत्या. मला सकाळचे डबे, दुपारी शाळेतले तास. माझेही डोळे चुरचुरत होते. पण त्यांना तसं बसलेलं पाहून पोटात कालवलं.

त्यांच्या आतड्याच्या शेवटच्या भागात गाठ निघाली होती. तो भाग गुदद्वारासकट काढावा लागला. आता मोठ्या आतड्याचं टोक पोटावर डाव्या बाजूला बाहेर आणून शिवलं आहे. या तोंडाला ‘स्टोमा’ म्हणतात आणि अशा ऑपरेशनला ‘कोलोस्टोमी’. मळ तिथून पोटावर चिकटवलेल्या पिशवीत जमतो. घरी सोडताना पिशवी कशी बदलायची ते दाखवलं होतं. निजायचं कसं, हे कुणी सांगितलं नाही आणि विचारायचं आम्हालाही सुचलं नाही.

उताणं निजावं तर मागची जखम दुखते. डाव्या कुशीवर पिशवी अंगाखाली येते. उजव्या कुशीवर ती लोंबते, कातडी ओढली जाते. म्हणून त्यांनी खुर्ची धरली. आणि खुर्चीत तर सगळा भार त्या जखमेवरच!

त्यात आणखी एक. त्यांनी आपलं अंथरूण मामंजींच्या खोलीतून काढून मागच्या खोलीत नेलं होतं. ‘‘रात्री सुटली बिटली तर? वास आला तर? आपलं वेगळंच बरं.’’ देवघराकडेही त्या फिरकत नव्हत्या.

पुढच्या तपासणीला मी वही घेऊनच गेले. डॉक्टरांना आणि स्टोमाची काळजी शिकवणाऱ्या नर्सबाईंना एकेक प्रश्न विचारून उत्तरं उतरवून घेतली. मैत्रिणींनो, तुमच्या घरी कुणावर ही वेळ आली तर उपयोगी पडेल, म्हणून ती इथे देते.

निजण्यापूर्वी

रात्रीचं जेवण निजण्याच्या दोन-तीन तास आधी उरकावं. वाल, पावटे, कोबी, मुळा यांनी वायू धरतो आणि पिशवी फुगते, म्हणून ते रात्री टाळावेत. पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करावी आणि निजताना तर न चुकता करावी. परकराची नाडी बरोबर स्टोमावर काचते, तेव्हा रात्री सैल गाऊन बरा. गादीवर बाळंतिणीच्या खोलीत घालतो तसं मेणकापड, त्यावर जुनं मऊ लुगडं. डाग पडेल ही धास्ती गेली की अर्धी झोप तिथेच येते.

कुशीवर कसं निजावं?

स्टोमा डावीकडे असेल तर उजव्या कुशीवर निजताना पोटापुढे एक लहान, चपटी उशी ठेवावी आणि पिशवी तिच्यावर टेकवावी. म्हणजे ती लोंबत नाही. दुसरी उशी दोन्ही गुडघ्यांमधे घ्यावी, कमरेला आराम पडतो.

डाव्या कुशीवरही निजता येतं. तेव्हा पिशवीला गादीचाच आधार मिळतो. मात्र पूर्ण वळू नये. पाठीमागे लोड किंवा गोधडीची वळकटी लावून थोडं कलतं राहावं. स्टोमाला स्वतःला दुखत नाही, कारण तिथे वेदना कळवणारे तंतू नसतात. हे ऐकल्यावर सासूबाई कितीतरी सैलावल्या.

मागे जखम नसेल तर उताणं निजणं सगळ्यांत सोपं. गुडघ्यांखाली उशी घेतली की पोटाचे टाके ताणले जात नाहीत. मागे जखम असलेल्यांनी मात्र कुशी बदलत निजावं. बसताना मऊ, सपाट उशी घ्यावी. मधे भोक असलेली गोल उशी नको, तिने जखम ताणली जाते. पालथं निजायची सवय असेल तर डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत थांबावं.

उठताना

उताण्याचं एकदम उठून बसू नये. आधी कुशीवर वळावं, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हातांनी रेटा देऊन उठावं. खोकला आला तर पोटाशी उशी दाबून धरावी. पोटावर जोर पडला तर स्टोमाशेजारी हर्निया होण्याचा धोका असतो.

लहान आतड्याचा स्टोमा असेल तर मळ पातळ आणि जास्त येतो, म्हणून रात्री एकदा उठून पिशवी रिकामी करावी लागते. लघवीच्या स्टोमाला रात्री नळीने मोठी पिशवी जोडतात. ती अंथरुणापेक्षा खालच्या पातळीवर ठेवावी.

स्टोमा लाल आणि ओलसर असणं चांगलं. तो जांभळा-काळा दिसू लागला, किंवा पोट दुखून उलट्या होताहेत आणि पिशवीत काहीच येत नाही असं झालं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

नर्सबाईंनी सासूबाईंना एक गोष्ट सांगितली. 1954 मध्ये डेन्मार्कमधल्या एलिस सोरेन्सन या नर्सच्या बहिणीचं असंच ऑपरेशन झालं. पिशवी गळेल या भीतीने बहीण घराबाहेर पडेना. तेव्हा एलिसने कातडीला चिकटून राहील अशा पिशवीची कल्पना काढली. आज जगभर वापरतात त्या पिशव्या त्यातूनच आल्या. सासूबाई ऐकत राहिल्या. म्हणाल्या, ‘‘म्हणजे तिलाही माझ्यासारखंच वाटलं होतं!’’

त्या रात्री उशा लावून त्यांना उजव्या कुशीवर निजवलं. चार तास सलग झोप लागली. आठवड्याने एकदा पिशवी सुटली खरी. मेणकापड होतं, पंधरा मिनिटांत सगळं आवरलं, आणि जिची इतकी भीती होती ती गोष्ट एवढीशीच निघाली.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी स्वतःच मागच्या खोलीतलं अंथरूण उचललं. ‘‘तुझ्या घोरण्यावाचून मला झोप येत नाही,’’ एवढंच म्हणाले. सासूबाईंनी आढेवेढे घेतले, पण उशा त्यांनीच मोजून घेतल्या. सकाळी उठून पाहते तो देवघरात निरांजन लावलेलं.