सोळा आकड्यांची दिवाळी भेट

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पुण्याजवळच्या चाकण-भोसरीहून परतणाऱ्या कंपनीच्या बसेस काळेवाडी फाट्याला थांबल्या, की रहाटणीकडे वळणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पूर्वी एक पिशवी असायची. मिठाईचा पुडा, सुक्या मेव्याचा डबा, एखाद्या वर्षी प्रेशर कुकर. आता बऱ्याच कंपन्यांत पिशवीऐवजी मोबाइलवर मेसेज येतो. अमुक रुपयांचं ई-गिफ्ट कार्ड, 16 आकडी नंबर, 6 आकडी पिन, आणि अगदी खाली बारीक अक्षरांत मुदत. कंपनीचा खरेदीचा आणि वाटपाचा व्याप वाचतो, कामगाराला हवी ती वस्तू घेता येते. पण हा मेसेज पुष्कळदा ओटीपी आणि जाहिरातींच्या गर्दीत तसाच पडून राहतो. पगारात 200 रुपये कमी आले तर आपण दुसऱ्या दिवशी एचआरच्या दारात उभे राहतो, आणि 2,000 रुपयांचं कार्ड मात्र विसरून जातो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण तो घामाचाच पैसा आहे. फक्त तो आपल्या खात्यात नाही, दुसऱ्या कुणाकडे तरी आहे.

तो नेमका कुणाकडे आहे, यावर बरंच काही अवलंबून असतं. एखादं दुकान किंवा ब्रँड फक्त स्वतःकडेच चालणारं कार्ड स्वतः काढतो, तेव्हा त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. अशा कार्डाच्या अटी दुकानदार ठरवतो. दुकान बंद पडलं तर कार्डधारक हा इतर घेणेकऱ्यांसारखाच रांगेत उभा असलेला एक जण. अमेरिकेत 2018 साली ‘टॉइज आर अस’ ही खेळण्यांची प्रचंड साखळी गुंडाळली गेली, तेव्हा लोकांना हातातली कार्डं संपवायला जेमतेम महिनाभर मिळाला होता.

दुसऱ्या प्रकारचं कार्ड अनेक दुकानांत चालतं, किंवा दुकानाव्यतिरिक्त तिसऱ्याच कंपनीने काढलेलं असतं. मोठ्या ई-दुकानांच्या कार्डावर खाली बारीक अक्षरांत वेगळ्याच कंपनीचं नाव असतं, ते यामुळे. इथे रिझर्व्ह बँकेचा 27 ऑगस्ट 2021 चा मुख्य निर्देश लागू होतो. त्यानुसार गिफ्ट कार्ड जास्तीत जास्त 10,000 रुपयांचं असू शकतं, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि त्यातून रोख रक्कम काढता येत नाही. बँक नसलेल्या कंपनीला लोकांचे हे पैसे स्वतःच्या धंद्यात फिरवता येत नाहीत, बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात.

मुदतीबद्दलचे नियम तर प्रत्येक घरात माहीत असायला हवेत. अशा कार्डाची मुदत किमान 1 वर्ष असावी लागते. ती संपण्याआधीच्या 45 दिवसांत कंपनीने ग्राहकाला आठवण करून द्यायची असते. ग्राहकाने मागितल्यास गिफ्ट कार्डाची मुदत वाढवून, गरज पडल्यास नवं कार्ड देऊन, रक्कम जिवंत ठेवायची असते. आणि मुदत उलटून गेली तरी पैसे बुडत नाहीत. किमान 3 वर्षं बँकेतर कंपनीला ती शिल्लक नफ्यात दाखवता येत नाही, आणि कार्डधारकाने मागणी केली तर ती त्याच्या बँक खात्यात द्यावी लागते. ‘एक्स्पायर झालं, आता काही होणार नाही’ असं कस्टमर केअरवाल्याने सांगितलं, तर कार्ड कुणी काढलं आहे ते बघा आणि लेखी मागणी करा.

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या जुन्या कामगारांना सोडेक्सोची जेवणाची कागदी कूपनं आठवत असतील. कोपऱ्यावरचा किराणावालाही ती नोटेसारखी घ्यायचा. 2017 च्या डिसेंबरअखेर कागदी कूपनांचा काळ नियमानेच संपला आणि जेवणाचं कूपनही कार्डात गेलं. कूपनाचं पुस्तक खिशात होतं तोवर त्याची काळजी घेणं सोपं होतं. हरवलं तर लगेच कळायचं. कोडचं तसं नाही. तो कुणी वाचला, त्याचा फोटो कुणी काढला, हे आपल्याला पैसे गेल्यावरच समजतं. म्हणून कार्ड आलं की पहिलं काम एकच: ज्या ई-दुकानाचं ते आहे, तिथे ते आपल्या खात्यात जमा करून टाकायचं. एकदा जमा झालं की तो नंबर दुसऱ्याच्या काही कामाचा राहत नाही. आणखी एक लक्षात ठेवा. गिफ्ट कार्डाने घेतलेली वस्तू परत केली, तर परतावा सहसा कार्डावरच येतो. त्यामुळे वापरून झालेलं कार्डही लगेच फेकू नका.

या कार्डांवरच्या जीएसटीचा घोळ आता बराच सुटला आहे. 31 डिसेंबर 2024 च्या सरकारी परिपत्रकाने स्पष्ट केलं, की व्हाउचरची, म्हणजे अशा कार्डाचीही, देवाणघेवाण म्हणजे वस्तूची किंवा सेवेची विक्री नव्हे. कर लागतो तो व्हाउचर वापरून घेतलेल्या वस्तूवर. 1,000 रुपयांच्या कार्डावर कुणी कर लावून जास्त पैसे मागितले, तर तो कशावर लावला ते विचारा.

जो नंबर वाचेल त्याचा पैसा, ही या कार्डाची सोय ठगांनी फार लवकर हेरली. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली तरुण मुलं रात्रभर अमेरिकेत फोन लावून ‘आम्ही कर खात्यातून बोलतोय, तुम्हाला अटक होणार आहे’ असं धमकावत होती. घाबरलेल्या माणसाला जवळच्या दुकानात पाठवायचं, आयट्यून्सची कार्डं घ्यायला लावायची आणि मागचे 16 आकडे फोनवर वाचून घ्यायचे. मे 2025 मध्ये पुण्यात खराडीच्या एका कॉल सेंटरवर छापा पडला, तिथेही परदेशी माणसांकडून गिफ्ट कार्डं उकळली जात असल्याचं समोर आलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे 2023 या एका वर्षात गिफ्ट कार्डातून गेलेल्या 21 कोटी 70 लाख डॉलरच्या तक्रारी आल्या.

आपल्याकडे हाच डाव ऑफिसातून येतो. व्हॉट्सअॅपवर एमडींचा फोटो लावलेला अनोळखी नंबर: ‘मीटिंगमध्ये आहे, फोन घेऊ शकत नाही. क्लायंटला द्यायला 10 कार्डं ताबडतोब घे, नंबर पाठव, संध्याकाळी पैसे देतो.’ नवीन रुजू झालेल्या मुलीला किंवा अकाउंट्समधल्या साध्या माणसाला साहेबाला नाही म्हणणं जड जातं, आणि ठगाचा सगळा भरवसा त्यावरच असतो. 2022 साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून अशाच साहेबाच्या नावाच्या मेसेजवर 1 कोटीहून अधिक रुपये गेले. ते बँक खात्यांत गेले होते, म्हणून पोलिसांना खातेदारांपर्यंत पोहोचता आलं. गिफ्ट कार्डात बँक खातंच नसतं. नंबर गेला की काही मिनिटांत त्याची खरेदी होते किंवा तो स्वस्तात विकला जातो. चूक लक्षात येताक्षणी आधी कार्ड काढणाऱ्या कंपनीला फोन करून उरलेली शिल्लक गोठवायला सांगा आणि लगोलग 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. सरकारी खातं असो की खासगी कंपनी, दंड, कर किंवा थकबाकी कुणीही गिफ्ट कार्डात मागत नाही.

या कार्डातून आपण काय घेतो तेही बदललं आहे. मुलांच्या गेममधले पॉइंट, अँटिव्हायरसची की, ऑनलाइन क्लास, ई-पुस्तक. पुण्याच्या बुकगंगासारख्या ठिकाणी मराठी ई-पुस्तकं मिळतात, आणि परदेशातल्या मराठी घरांना त्याचा केवढा आधार आहे. पण कागदी पुस्तक आपण शेजाऱ्याला देऊ शकतो, रद्दीत विकू शकतो. डिजिटल वस्तूच्या बाबतीत बहुतेक वेळा आपल्याला वापरायची परवानगी मिळते, तीही विक्रेत्याच्या अटींवर. जुलै 2009 मध्ये अॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडल ई-रीडरमधून जॉर्ज ऑर्वेलची विकत घेतलेली पुस्तकं परस्पर पुसली होती. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, असं कारण निघालं. पैसे परत दिले गेले, पण पुस्तक वाचकाला न विचारता गेलं. म्हणून पैसे भरण्याआधी दोन गोष्टी बघायच्या: फाइल उतरवून आपल्याकडे ठेवता येते का, आणि आवडलं नाही तर पैसे परत मिळतात का. कोड एकदा उघडला की परतावा नाही, अशी अट सर्रास असते.

पण कोडच चालला नाही, किंवा क्लासचे व्हिडिओ सांगितल्याप्रमाणे मिळाले नाहीत, तर ‘डिजिटल वस्तू परत होत नाही’ एवढ्यावर दुकानदाराची सुटका होत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येतच डिजिटल उत्पादनं आली आहेत. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. कंपनी बंगळुरूची असो वा गुरुग्रामची, रहाटणीत राहणाऱ्या ग्राहकाला पुणे जिल्हा आयोगातच तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचं शुल्क लागत नाही.