कोपऱ्यातली पकड नेमकी कुणाची?

89, 84, 99. प्रो कबड्डीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या हंगामात इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईने मिळवलेले हे पकडींचे गुण. पहिले दोन आकडे पाटणा पायरेट्सकडून खेळतानाचे, तिसरा पुणेरी पलटणचा. तिन्ही वेळा जागा एकच, डावा कोपरा. रिसोडच्या मैदानाकडेला उभं राहून कबड्डी पाहणारे आम्ही ज्या मुद्द्यावर हमखास भांडतो, त्याचं उत्तर या आकड्यांत बरंचसं सापडतं: पोरगा दांडगा, की त्याच्या शेजारचे सहा जण दांडगे?

आठव्या हंगामात पाटणा अंतिम फेरीत गेलं आणि दबंग दिल्लीकडून 37-36 असं एका गुणाने हरलं. सगळे 24 सामने धरले तर शादलुईचे सामन्याला 3.7 गुण होतात. नवव्या हंगामात हाच संघ बाद फेरीपर्यंतही पोचला नाही. साखळीतले पूर्ण 22 सामने धरून भागलं तरी 84 ची सरासरी 3.8 येते. संघ घसरला, कोपरा घसरला नाही. मग पुण्याने 2 कोटी 35 लाख मोजले. 24 सामने धरले तर सरासरी 4.1, आणि 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून विजेतेपद. अकराव्या हंगामात तो हरियाणाकडे गेला. हरियाणा विजेता झाला, पुणे बाद फेरीबाहेर राहिलं.

इथेच निकाल देऊन टाकावासा वाटतो, पण थांबायला हवं. पुण्याचा कर्णधार अस्लम इनामदार त्या अकराव्या हंगामात दुखापतीने बाहेर पडला होता. हरियाणा आधीच्याच वर्षी अंतिम फेरी खेळलेला संघ, रिकाम्या हाताने नव्हता. आणि शादलुई यायच्या आधी पुण्याचा डावा कोपरा फझल अत्राचलीकडे होता. तेव्हाही पुणे अंतिम फेरीत जाऊन जयपूरकडून 33-29 असं हरलं होतं. म्हणजे बांधणी होतीच.

नव्या जागी गेलेल्या खेळाडूचं यश एकट्याच्या नावावर टाकता येत नाही, याचं कारण पकडीतच आहे. मैदान 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद, चढाईला 30 सेकंद. चढाईपटू बोनससाठी पाय लांबवतो, कोपरा खाली वाकून घोटा धरतो. पण नुसत्या घोट्यावर तगडा गडी थांबत नाही, तो ओढत मध्यरेषेकडे निघतो. तेवढ्यात शेजारचा मध्यरक्षक अंगावर येतो, तिसरा वाट अडवतो. गुण मात्र एकाच्याच नावावर लिहिला जातो. शिवाय तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना केलेल्या पकडीला दोन गुण. हरणाऱ्या संघात अशी वेळ जास्त वेळा येते. म्हणून नवव्या हंगामातले ते 84 मला एकीकडे भारावून टाकतात, दुसरीकडे सावधही करतात.

दुसरी जोडी पाहा. सहाव्या हंगामात यूपी योद्धाच्या उजव्या कोपऱ्यात नितेशकुमारने 100 गुण मिळवले. एका हंगामात शंभरी गाठणारा तो पहिला बचावपटू. सातव्या हंगामात त्याचे 75 झाले. कौशल्य एका वर्षात चौथ्या हिश्शाने आटलं? मला तसं मुळीच वाटत नाही. त्या वर्षी डाव्या कोपऱ्यात सुमित नावाचा नवा पोरगा आला आणि त्याने 77 गुण घेतले. एका बाजूने दबाव आला की चढाईपटू दुसरीकडे सरकतो, आणि पकडी वाटल्या जातात.

याच्या पुढची पायरी अमेरिकी फुटबॉलमध्ये दिसते. तिथे कडेच्या बचावपटूला कॉर्नरबॅकच म्हणतात. ओकलंडच्या नाम्दी असोमुघाने 2006 मध्ये प्रतिस्पर्ध्याने फेकलेले 8 चेंडू हवेत टिपले. 2007 मध्ये फक्त 1, कारण त्याच्या बाजूला चेंडू टाकणंच लोकांनी सोडलं होतं. आकडा पडला तो धास्तीमुळे. 2011 मध्ये फिलाडेल्फियाने त्याला 5 वर्षांसाठी 6 कोटी डॉलरचा करार दिला. ओकलंडमध्ये एका माणसाला चिकटून राहणं हे त्याचं काम होतं, इथे बरेचदा जागा राखायची होती. दोन हंगामांनी त्याला सोडून दिलं. कौशल्य खरं होतं, पण ते एका रचनेत बसलेलं होतं.

आता आपल्या तालुक्याच्या निवड चाचणीचं बोलू. पोरगा आपल्या गावच्या सहा सोबत्यांसह उतरतो आणि आपण त्याच्या पकडी मोजतो. हे मोजमाप अपुरं आहे. त्याला अर्धा वेळ अनोळखी मध्यरक्षकाशेजारी उभं करावं. शंभर पानी वहीत चार रकाने आखावेत: चढाई कुठल्या कोपऱ्यात गेली, पहिला हात कुणाचा, दुसरा कुणाचा, आणि चढाईपटू त्या कोपऱ्याकडे फिरकलाच नाही असं किती वेळा झालं. मला सगळ्यात आधी तो चौथा रकाना वाचायचा आहे.