उन्हाळा, शेजारधर्म आणि शेजारचा रस्टी

डिसेंबर लागला की गावाकडून फोन येतो, "इथे थंडी पडली, गोधड्या बाहेर काढल्या." त्या वेळी आम्ही सिडनीत पंख्यांवरची धूळ पुसत असतो. ऑस्ट्रेलिया पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्या भागात आहे, त्यामुळे इथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. शाळांना जवळपास सहा आठवडे सुट्टी. घड्याळेही ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत एक तास पुढे केलेली असतात. पहाटे चारच्या सुमारास फजरची वेळ होते, सूर्य पावणेसहाच्या आत वर येतो आणि मगरिब होते रात्री आठनंतर. इशाची नमाज होईपर्यंत दहा वाजत येतात. दिवस एवढा मोठा की मुलांना वेळ कुठे घालवावा कळत नाही आणि आम्हाला मुलांना कुठे न्यावे ते कळत नाही.

मागच्या उन्हाळ्यात दापोलीकडून अम्मी आल्या. मुलांच्या दादी. परदेशात पहिल्यांदाच. पहिल्याच दुपारी त्या अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "सूर्य उत्तरेला कसा काय गेला?" खरेच आहे. आपल्याकडे डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, इथे तो उत्तरेकडे. त्यांना काळजी पडली ती किब्ल्याची. आम्ही दाखवले की इथूनही किब्ला पश्चिमेलाच आहे, अगदी थोडा उत्तरेकडे, जवळजवळ गावासारखाच. मुसल्ला अंथरून त्या हसल्या. "मग काही हरकत नाही. बाकी सगळे उलटे असले तरी चालेल."

आमचे घर पॅरामॅटा नदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पॅरामॅटा हा शब्द इथल्या मूळच्या दारुग लोकांचा. वामी जिथे विसावतात ती जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. कोकणातल्या माणसाला वाम मासा नवा नाही, त्यामुळे अम्मींना हे नाव लगेच पाठ झाले. नदीच्या काठाने चालायला चांगली वाट आहे. फजरनंतर जरा पडून उठायचे आणि सहाच्या सुमारास त्या वाटेने निघायचे, असा आमचा उन्हाळ्यातला नेम.

पहिल्या दिवशी अम्मी एका झाडापाशी थांबल्या. खाली पडलेल्या सुयांसारख्या पानांवर त्यांनी चप्पल घासून पाहिली. "हा तर आपला सुरू!" आपल्या किनाऱ्यावर सुरूची बने आहेत, त्याचेच हे भाऊबंद. सुरूच्या जातीची कितीतरी झाडे मूळची या बाजूची. तीच गत निलगिरीची. आपण जिला निलगिरी म्हणतो ती झाडे इंग्रजांच्या काळात ऑस्ट्रेलियातून आणून निलगिरीच्या डोंगरांवर लावली, म्हणून आपल्याकडे तिला ते नाव पडले. इथे तिचे शेकडो प्रकार आहेत. ऊन तापले की तिच्या पानांचा वास हवेत पसरतो. अम्मी म्हणाल्या, "सर्दीला वाफ घेतल्यासारखे वाटते."

झाडांच्या खोडांना सिकाडा नावाच्या किड्याच्या रिकाम्या कात चिकटलेल्या दिसतात. हा किडा वर्षानुवर्षे जमिनीखाली राहतो, एका उन्हाळ्यात बाहेर येतो, कात टाकतो आणि झाडावर बसून एवढ्या मोठ्याने ओरडतो की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. मुलांनी त्या कातींनी खिसे भरले. पांढरे काकाकुआ थव्याने येऊन गोंगाट करत. कुकाबुरा पक्ष्याचे ओरडणे तर माणसाच्या खो-खो हसण्यासारखे. अम्मी दचकल्या, मग रोज त्याचीच वाट पाहू लागल्या.

या सगळ्या आनंदात एक अडचण होती. कुत्रे.

इथे सुमारे निम्म्या घरांत कुत्रा आहे. सकाळी वाटेवर माणसे कमी आणि कुत्री जास्त वाटतात. आम्ही शाफई. कुत्र्याची लाळ किंवा ओले अंग लागले तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यातल्या एका वेळी मातीने, हे लहानपणापासून शिकलेलो. म्हणून समोरून कुत्रा आला की आम्ही वाटेची दुसरी बाजू धरायचो. शेजारच्या घरी एक म्हाताऱ्या बाई राहतात. त्यांचा रस्टी हा तांबड्या रंगाचा केल्पी कुत्रा. केल्पी ही मेंढ्या वळण्यासाठी ऑस्ट्रेलियात तयार केलेली जात. बाई आणि त्यांचे यजमान आतल्या भागात मेंढ्या पाळायचे. यजमान गेल्यावर त्या शहरात आल्या. बरोबर एवढा एक जीव आणला.

सहा वर्षे आम्ही त्यांच्या शेजारी राहिलो आणि सहा वर्षांत कुंपणावरून "गुड मॉर्निंग" यापलीकडे बोललो नाही. ईदला शीरखुर्मा चार घरी दिला. त्यांच्याकडे जायचे तर फाटकात रस्टी, म्हणून ते घर राहून गेले. आमची दहा वर्षांची लेक मात्र कुंपणाच्या फटीतून त्याच्याशी बोलत असायची. तिला स्वतःचा कुत्रा हवा होता. आम्ही नाही म्हणायचो आणि विषय संपवायचो.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाई अंगणात पडल्या. खुब्याचे हाड मोडले. रुग्णवाहिका येऊन त्यांना घेऊन गेली. रात्री त्यांच्या मुलीचा फोन आला, पर्थहून. सिडनी ते पर्थ विमानाला पाच तास लागतात. तिला लगेच निघता येत नव्हते. सुट्ट्यांमुळे कुत्र्यांची पाळणाघरेही भरलेली. ती संकोचत म्हणाली, "आई शुद्धीवर आल्यापासून एकच विचारतेय, रस्टीला पाणी कोण देणार?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. काय उत्तर द्यावे सुचेना. उद्या सांगतो म्हणून फोन ठेवला. खरे सांगायचे तर आमच्या मनात नकार तयार होता आणि अम्मी घरात आहेत, हे कारणही हाताशी होते. अम्मींना हे चालणार नाही, असे आम्ही धरूनच चाललो होतो.

अम्मींनी सगळे ऐकून घेतले. मग त्या लेकीला जवळ बसवून बोलू लागल्या, पण ऐकवत होत्या आम्हालाच. त्यांनी ती हदीस सांगितली, जी आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तहानेने व्याकूळ झालेला माणूस विहिरीत उतरून पाणी पितो. वर येतो तर एक कुत्रा तहानेपोटी ओली माती चाटताना दिसतो. माणूस पुन्हा खाली उतरतो, आपला चामडी मोजा पाण्याने भरतो, तो दातांत धरून वर येतो आणि कुत्र्याला पाजतो. एवढ्याच कामावर अल्लाहने त्याची माफी केली. मग सूरह कहफमधले गुहेतले तरुण. त्यांच्या कुत्र्याचा उल्लेख अल्लाहने आपल्या किताबात केला आहे. "कुत्रा घरात पाळू नका, हे आम्हीही सांगतो. पण मेंढरे आणि शेत राखणाऱ्या कुत्र्याला तर मुभाच आहे. आणि हा बिचारा जन्मभर मेंढरेच राखत आला. त्याची लाळ नापाक आहे, त्याची तहान नाही," अम्मी म्हणाल्या. "आणि शेजाऱ्याचा हक्क? हजरत जिब्रईल (अ.) यांनी शेजाऱ्याबद्दल इतकी ताकीद केली की शेजारी वारसदारच ठरतो की काय, असे पैगंबर (स.) यांना वाटले होते. त्यात शेजारी मुसलमान असेल तरच, असे कुठे आहे?"

आम्ही गप्प. सहा वर्षांचे ते राहून गेलेले घर डोळ्यांसमोर आले.

मग अम्मींनीच बंदोबस्त केला. रस्टी त्याच्याच अंगणात राहील, त्याच्याच खोपटात. त्याची भांडी तिथेच राहतील, तिथल्याच नळावर धुतली जातील. फिरायला नेताना घालायचे जुने कपडे आणि बूट वेगळे ठेवायचे. हातमोजे घालायचे. पट्टा कुंपणाच्या खिळ्याला टांगायचा, घरात आणायचा नाही. लाळ लागलीच तर धुण्याचा नियम ठाऊकच आहे, त्यासाठी एका डब्यात स्वच्छ माती भरून ठेवली. कोरडे अंग कोरड्याला लागले तर नापाकी लागत नाही, हेही त्यांनी समजावले. हनफी मसलकात लाळ नापाक मानतात, अंग नाही, आणि मालिकी आलिम तर जिवंत कुत्र्याला पाकच मानतात. प्रत्येकाने आपापल्या आलिमांना विचारून वागावे. पण कुठल्याच मसलकात कुत्र्याला हिडीसफिडीस करायला सांगितलेले नाही, हे त्या दिवशी आमच्या नीट ध्यानात आले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या सकाळी बदलल्या. लेक पट्टा धरून पुढे, मोठा मुलगा पिशव्या घेऊन मागे. इथे कुत्र्याने केलेली घाण मालकाने उचलावीच लागते, आणि बाहेर कुत्रा पट्ट्यालाच ठेवावा लागतो. राष्ट्रीय उद्यानांत मात्र बहुतेक ठिकाणी कुत्र्यांना बंदीच आहे, कारण तिथल्या जनावरांना त्यांचा त्रास होतो. रस्टी तेरा वर्षांचा. दहा पावले चालायचा, थांबायचा, मागे वळून आम्ही सगळे आहोत ना ते पाहायचा. अम्मी मागे राहिल्या की पुढे पाऊलच टाकायचा नाही. जन्मभर कळप मोजायची सवय! अम्मी म्हणाल्या, "मला मेंढरू समजतोय."

उन्हाळ्यातली एक गोष्ट तेव्हा शिकलो. दुपारी डांबरी रस्ता इतका तापतो की कुत्र्याचे पंजे भाजतात. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच सेकंद टेकवून पाहायची. सोसवत नसेल तर त्याला न्यायचे नाही. म्हणून पहिली फेरी फजरनंतर आणि दुसरी असर उलटून ऊन उतरल्यावर. भर दुपारी मुले घरात बसून 'ब्लूई' ही इथलीच चित्रमालिका पाहायची. आई, बाबा आणि दोन मुली असे ते कुत्र्यांचेच कुटुंब, आणि गोष्टी मात्र साध्या घरातल्या. अम्मींना भाषा कळत नव्हती, पण खेळणारा बाप कळत होता. "बाप असा मुलांशी खेळला पाहिजे," हे वाक्य त्यांनी घरातल्या बापाकडे पाहून दोनदा उच्चारले.

एका रविवारी समुद्रावर गेलो. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधेच पोहायचे, हा इथला पहिला नियम. तेवढ्याच पट्ट्यावर जीवरक्षकांची नजर असते. बाहेर ओढणारा प्रवाह वरून शांत दिसतो, म्हणूनच फसवतो. त्यात सापडले तर झुंजायचे नाही, तरंगत राहून हात वर करायचा. लेकीने बुर्किनी घातली होती. हा पोशाख याच सिडनीतल्या आहेदा झनेटी यांनी 2004 मध्ये तयार केला. त्यामुळे कितीतरी मुली आईच्या शेजारी वाळूत बसण्याऐवजी पाण्यात उतरल्या. अम्मींनी पावले भिजेपर्यंत पाण्यात जाऊन सांगितले, "हर्णैचे पाणी कोमट असते. हे थंड आहे. पण खारेपण तेच."

कुत्र्यामुळे आणखी एक गोष्ट घडली. इतकी वर्षे वाटेवर आम्हाला कोणी थांबवले नव्हते. आता रस्टीला ओळखणारे थांबू लागले. "बाई कशा आहेत?" मग "तुम्ही कुठले?" मग अम्मींच्या ओढणीचे कौतुक. आमच्याच गल्लीत एक निवृत्त शिक्षक, एक लेबनानी कुटुंब आणि एक नर्स राहते, हे आम्हाला सहा वर्षांनी कळले. लोक आमच्याशी बोलत नाहीत, असे आम्ही घरी म्हणायचो. वाटेची बाजू कोण बदलत होते, हे मात्र कधी बोललो नव्हतो.

पाच आठवड्यांनी बाई घरी आल्या, चालायच्या चौकटीला धरून. रस्टीने उडी मारली नाही, तेवढा जोर त्याच्यात उरला नव्हता. तो त्यांच्या पायांवर डोके ठेवून पडून राहिला. अम्मी शीरखुर्म्याचे पातेले घेऊन पहिल्यांदाच त्या फाटकातून आत गेल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दोघी विधवा. बाईंनी भिंतीवरच्या यजमानांच्या फोटोकडे बोट केले, अम्मींनी आपल्या मोबाईलमधला अब्बांचा फोटो दाखवला. बराच वेळ दोघी तशाच बसून होत्या.

फेब्रुवारीत अम्मी परत गेल्या. विमानतळावर निघताना लेकीला म्हणाल्या, "कुत्रा पाळायची गरज नाही. शेजाऱ्याचा सांभाळ, तोच पुरे." ती अजून रोज संध्याकाळी त्याला नदीपर्यंत नेते. तो आता सुरूच्या झाडापर्यंतच जातो, तिथून परत फिरतो. कधीतरी तो नसेल, हे तिला आम्ही सांगून ठेवले आहे.

वाचकहो, आपापल्या मसल्यांवर ठाम राहा. आम्हीही आहोत. मातीचा तो डबा अजून अंगणात आहे. पण आपल्या पाकीच्या काळजीत एखाद्या शेजाऱ्याचे घर तर राहून जात नाही ना, एवढे जरूर पाहा. अल्लाह आपल्या सर्वांच्या घरांत आणि शेजारात रहमत ठेवो. आमीन.