डावखुऱ्या नेमबाजाचे पिस्तूल

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी अंगावर बाळगली जाणारी बहुतेक पिस्तुले उजव्या हाताच्या सोयीने घडलेली आहेत. जॉन ब्राउनिंगने रचलेल्या मूळ कोल्ट १९११ या पिस्तुलात सेफ्टी, म्हणजे गोळी सुटू न देणारा खटका, आणि मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, मोकळी करणारे बटण ही दोन्ही डाव्या बाजूला, उजव्या अंगठ्याखाली येतात. ग्लॉक पिस्तुलांच्या चौथ्या पिढीपासून (२०१०) मॅगझिनचे बटण बाजू बदलून बसवता येते, ही डावखुऱ्यांसाठी खरोखर मोठी सोय आहे. रिव्हॉल्व्हर झाडताना हात कोणता हे गौण ठरते. मात्र त्याचे काडतुसांचे चक्र सहसा डावीकडे उघडत असल्याने ते भरताना डावखुऱ्याची अडचण होते, आणि चार्टर आर्म्स कंपनीचे उजवीकडे उघडणारे ‘साउथपॉ’ रिव्हॉल्व्हर हा त्यावरील दुर्मीळ, म्हणूनच मोलाचा उपाय आहे.