जिमने दिलेला शब्द

समुद्री चाचे, नकाशा आणि पुरलेला खजिना. 'ट्रेझर आयलंड' म्हटले की एवढे सर्वांना आठवते. मी अकरावीत शिकते. ही कादंबरी नुकतीच दुसऱ्यांदा वाचली, तेव्हा खजिन्यापेक्षा एका माणसाने मला अधिक गुंतवून ठेवले. तो म्हणजे एका पायाचा लाँग जॉन सिल्व्हर.

आधी कादंबरीच्या जन्माविषयी. १८८१ मध्ये रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी राहत होता. पावसामुळे घरात अडकलेला सावत्र मुलगा लॉइड चित्रे रंगवीत बसे. त्याच्या नादाने स्टीव्हन्सनने एका काल्पनिक बेटाचा नकाशा काढला आणि त्या नकाशातून पुढे गोष्ट उभी राहिली. ती 'यंग फोक्स' या मुलांच्या नियतकालिकात क्रमशः आली आणि १८८३ मध्ये तिचे पुस्तक झाले. गोष्टीत बायका नकोत, ही लॉइडची अट! जिमची आई सोडली तर स्त्री पात्र जवळपास नाहीच. मुलगी म्हणून मला हे खटकले. पण बरीचशी गोष्ट जिम स्वतःच सांगतो, त्यामुळे वाचणारा मुलगा असो की मुलगी, त्याच्या जागी सहज जाऊन बसतो.

सिल्व्हर हा जहाजावरचा स्वयंपाकी. हसतमुख, गोडबोल्या, पोपट पाळणारा. जिमला तो फार आवडतो. एके रात्री सफरचंदाच्या पिंपात शिरलेल्या जिमच्या कानावर सिल्व्हरचा कट पडतो. त्याला भीती वाटतेच; पण आपली ज्या शब्दांत स्तुती केली, त्याच शब्दांत सिल्व्हर दुसऱ्या तरुणाला भुलवतो आहे, हे ऐकून त्याच्या मनाला जास्त लागते. आपल्या वाट्याचे कौतुक खोटे निघाले की काय होते, हे माझ्या वयाच्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

पुढे जिम चाच्यांच्या तावडीत सापडतो. ते त्याच्या जिवावर उठतात, तेव्हा सिल्व्हरच आडवा येतो. त्यात त्याचा स्वार्थ असतोच. डॉक्टर लिव्हसी जिमला भेटतात. पळणार नाही असा शब्द घेऊनच सिल्व्हरने ही भेट होऊ दिलेली असते. डॉक्टर म्हणतात, कुंपणावरून उडी मार, आपण पळू. जिम नकार देतो.

लबाडाला दिलेला शब्द पाळायचा का? माझे उत्तर बरेच दिवस 'नाही' असे होते. आता वाटते, शब्द सिल्व्हरला दिला असला तरी तो जिमचा होता. समोरचा खोटा आहे म्हणून आपणही खोटे व्हायचे ठरवले, तर आपल्यात आणि सिल्व्हरमध्ये फरक तो काय उरला?

शेवटी सिल्व्हर नाण्यांची एक थैली घेऊन पसार होतो. लेखक त्याला शिक्षा देत नाही, माफही करत नाही. अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नकोस, असे घरी सांगतात. ओळखीच्या, आवडत्या माणसाचे काय करायचे, हा अवघड प्रश्न मात्र मला या पुस्तकाने विचारला.