ऑनलाइन विज्ञानसाहित्य शिक्षकांपर्यंत न्यायचं कसं?

चिरनेरला बोलायचं म्हणजे जरा दडपण येतं. २५ सप्टेंबर १९३० ला इथे जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली. त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून माणसं अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाली. त्यातली पत्रक वाचून किती निघाली असतील आणि शेजारचा निघाला म्हणून किती? आजचा विषय याच प्रश्नापाशी येतो, म्हणून आधी विचारून ठेवतो.

विषय असा, की विज्ञान शिकवायला इंटरनेटवर उत्तम साहित्य फुकट पडलेलं आहे. ते शिक्षकांना माहीत व्हावं, त्यांनी ते वापरावं, यासाठी मोहीम आखायची आहे. इथल्या काही शिक्षकमित्रांनी तसं मनावर घेतलंय. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, विज्ञानाचा नव्हे. पण ‘एखाद्याचं ज्ञान दुसऱ्यापर्यंत जातं म्हणजे नेमकं काय होतं’ हा आमच्या घरचाच प्रश्न आहे.

साहित्य नाही, अशी तक्रार आता करता येणार नाही. केंद्र सरकारचं दीक्षा २०१७ मध्ये सुरू झालं, आपल्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायची शेकडो खेळणी आहेत, मराठी निवेदनाच्या फिल्मा आहेत, पुस्तकं आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट आहे. नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी ते सुरू केलं. त्यात पडद्यावर बॅटरी, तार, बल्ब जोडून मुलं मंडल तयार करतात. त्यातलं बरंच मराठीत झालंय आणि उतरवून घेतलं तर नेट नसतानाही चालतं. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे. आणि तरी वर्गात फळा आणि खडू. का?

माझी एक फजिती सांगतो. निवृत्त झाल्यावर आम्ही चार-पाच जणांनी एक भित्तिपत्रक छापलं, छान रंगीत, वर दहा संकेतस्थळांची नावं. टपालाने शाळांना पाठवलं. वर्षभराने एका शाळेत गेलो तर ते सापडलं: हजेरीपटाला कव्हर म्हणून. कागद चांगला होता, एवढं मात्र गुरुजींनी कबूल केलं. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. दहा पत्ते देऊन मी त्यांचं काम वाढवलं होतं, कमी केलं नव्हतं. दहांतलं कुठलं उघडायचं, सातवीच्या कुठल्या धड्याला, पस्तीस मिनिटांच्या तासात कसं बसवायचं, हे सगळं त्यांच्यावरच सोडलं होतं. २०२० च्या टाळेबंदीत व्हॉट्सॲपवर रोज लिंका यायच्या, तेव्हाही हेच झालं. लिंक पुढे ढकलली की आपलं काम संपलं, असं पाठवणाऱ्याला वाटतं. घेणाराही ती पुढे ढकलतो.

आता थोडं माझ्या विषयातलं. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं. पण कुणीही सांगितलेलं नाही, ‘आप्ता’ने सांगितलेलं. आप्त कोण? भाष्यकार वात्स्यायन म्हणतो त्याचा आशय असा, की ज्याने ती गोष्ट स्वतः अनुभवली आहे आणि जशी अनुभवली तशी दुसऱ्याला सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो की म्लेंच्छ, लक्षण सगळ्यांना सारखंच. मला हे फार आवडतं. जातपात, हुद्दा, पदवी काही नाही. गोष्ट स्वतः केलेली हवी आणि सांगायची कळकळ हवी.

या कसोटीवर आपली भित्तिपत्रकं आणि परिपत्रकं घासून बघा. पाठवणाऱ्याने तो प्रयोग स्वतः वर्गात केलेला असतो का? बहुधा नाही. आणि शिक्षकाला ते दोन मिनिटांत कळतं. शेजारच्या शाळेतली बाई म्हणाली, ‘काल मी हे दाखवलं, मागच्या बाकावरची पोरं पुढे आली’, की मात्र तो लगेच मोबाइल काढतो.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सोळा शाळांपासून सुरू झाला, पुढे तो शेकडो शाळांत गेला. पुस्तकं होती, प्रयोगांची पेटी होती. पण त्याचा कणा होता शिक्षकांच्या मासिक बैठका. काय जमलं, काय फसलं, मुलांनी काय विचारलं, हे शिक्षक एकमेकांना सांगायचे. मुलं ‘सवालीराम’ला पत्रं लिहायची. सवालीराम नावाचा माणूस नव्हताच, पण उत्तर यायचं. २००२ मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला, ते दुःख वेगळं. अरविंद गुप्ता १९७८ मध्ये, टेल्कोत नोकरीला असताना, रजा घेऊन तिथेच गेले होते. पुढे पुण्याला आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. (त्या इमारतीचं नाव पुलस्त्य. सप्तर्षींतला तारा आणि पु. ल., दोन्ही त्यात आले.) माझ्या मते संकेतस्थळ हा त्यांच्या कामाचा उत्तरार्ध. आधी हजारो शिक्षकांसमोर बसून काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून दाखवले, फिल्मा नंतर आल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांचंही तेच. आधी स्वतःच्या जिल्हा परिषद शाळेत पुस्तकांना क्यूआर कोड चिकटवले, मग राज्याच्या पुस्तकांत कोड आले, आणि २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं.

आता इथलंच एक उदाहरण घेऊ, जरा सविस्तर. भरती-ओहोटी. उरण-पनवेलच्या खाडीकाठच्या मुलाला ती यूट्यूबवरून शिकवायची गरज काय? त्याच्या आज्याला हिशेब तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मिठागरात पाणी कधी घ्यायचं, होडी कधी काढायची, हे यावर चालायचं.

वर्गात हा नियम फळ्यावर लिहा आणि मुलांना तपासायला सांगा. दिवसात भरती दोनदा येते. पौर्णिमा आणि अमावास्या, दोन्हींना ती घड्याळात साधारण त्याच वेळी येते. म्हणजे पंधरा तिथींत ती बारा तास सरकली, एका भरतीच्या जागी दुसरी येऊन बसली. बारा तास भागिले पंधरा, तिथीमागे ४८ मिनिटं. आजा ४५ धरतो. म्हणून त्याचा पौर्णिमेचा आकडा सव्वाअकरा येतो आणि पाणी बाराच्या आसपास चढतं. आजा चुकला का? नाही, त्याने तोंडी हिशेबाला सोपा आकडा घेतला. मुलांनी वर्तमानपत्रातली किंवा नेटवरची भरतीची वेळ पंधरा दिवस टिपली, की हा फरक त्यांना स्वतःला सापडतो.

आणि मग एक मुलगी हमखास विचारते: चंद्र एका बाजूला, तर भरती दोनदा का? इथे गुरुजी अडतात. मीही अडलो होतो. चंद्राची ओढ जवळच्या पाण्यावर जास्त, पृथ्वीवर त्याहून कमी, पलीकडच्या पाण्यावर सर्वांत कमी. म्हणून पलीकडचं पाणी मागे राहतं आणि तिकडेही फुगवटा येतो. हे शब्दांनी सांगून पटत नाही, हलतं चित्र लागतं. आता त्या ॲनिमेशनची लिंक द्या. शिक्षक ती जपून ठेवील, कारण त्याच्या अडचणीच्या जागी ती आली.

तेव्हा मोहीम आखताना माझा आग्रह असा. संकेतस्थळाची जाहिरात करू नका, एक धडा न्या. तालुक्याचा मेळावा नको. केंद्राच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांकडून वीस मिनिटं मागा आणि तिथे आपल्यातल्याच शिक्षकाला उभं करा, ज्याने तो धडा मागच्या आठवड्यात स्वतः घेतलाय. फसलं तेही त्याने सांगावं. त्याने विश्वास वाढतो. साहित्य पेनड्राइव्हवर द्या, कारण पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही. जूनमध्ये जाऊ नका, तेव्हा गुरुजी प्रवेश आणि पुस्तकवाटपात बुडालेले असतात. परीक्षांच्या तोंडावर तर नकोच.

कुणी म्हणेल, हे फार सावकाश होईल. होऊ दे. यश कशाने मोजायचं, हा प्रश्न मात्र खरा आहे. किती जणांनी लिंक उघडली, हा आकडा सहज मिळतो म्हणून आपण तोच मोजतो. मी वेगळं मोजेन: पुढच्या महिन्यात किती शिक्षक प्रश्न घेऊन परत आले. पहिल्या वेळी तीन आले तरी मला चालतील. त्यातला एक जरी म्हणाला, ‘ते ॲनिमेशन आमच्या पोरांना कळलं नाही, दुसरं आहे का?’, तर त्याला पुढच्या परिषदेत बोलायला उभं करा.

एक अडचण राहिली, ती लपवत नाही. पुष्कळ शिक्षकांना भीती वाटते की पडदा आला की आपण कशाला? ही भीती मोहीम काढणाऱ्यांनीच वाढवली आहे, ‘आता शिक्षकाशिवायही शिक्षण’ अशा भाषेने. भरतीच्या धड्यात व्हिडिओ किती मिनिटांचा होता बघा: दोन. आज्याचा नियम फळ्यावर कुणी लिहिला? पंधरा दिवसांची वही कुणी तपासली?

येत्या पौर्णिमेपासून कुणाला वेळा टिपायला सुरुवात करायची असेल तर नावं द्या, कोरा तक्ता मी आणलाय. आणि मागच्या रांगेतल्या बाईंनी मघाशी हात वर केला होता, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.